पुस्तक शेजारच्या गावात, पत्ता मात्र कुणालाच नाही! गावोगावच्या वाचनालयांची एकच यादी कशी तयार होते?

उर्से (ता. मावळ) : तळेगावहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल किती वाजता आहे, हे मोबाईलवर कळतं. टोमॅटोचा आजचा भाव कळतो. टोलनाक्यावर किती गर्दी आहे, तेही दिसतं. पण हवं असलेलं पुस्तक आपल्या गावच्या वाचनालयात नसेल, तर ते शेजारच्या गावात आहे का, एवढं साधं काही मोबाईलवर कळत नाही.

समजा, उर्से गावातली एखादी मुलगी तलाठी भरतीची तयारी करतेय. तिला महाराष्ट्राच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक हवंय. गावाजवळच्या वाचनालयात ते नाही. ग्रंथपाल सांगतात, "तळेगावला बघ." तळेगावला गेलं तर तिथली प्रत कुणीतरी नेलेली. आणि त्याच वेळी चार मैलांवरच्या दुसऱ्या एका वाचनालयात तेच पुस्तक कपाटात धूळ खात पडलेलं असतं. त्या गावात ते कुणाला नको असतं आणि या मुलीला त्याचा पत्ता नसतो. शेवटी ती उसनवारी करून पुस्तक विकत घेते, नाहीतर त्याच्याशिवायच परीक्षेला बसते.

यावर एक जुना आणि जगभर वापरलेला उपाय आहे. आसपासच्या वाचनालयांनी आपापल्या पुस्तकांची नोंद एकाच पद्धतीने करायची आणि सगळ्यांची मिळून एकच यादी ठेवायची. ग्रंथालयाच्या भाषेत याला संयुक्त तालिका किंवा संयुक्त सूची म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. गाडी अडते ती 'एकाच पद्धतीने' या दोन शब्दांपाशी.

प्रत्येक वाचनालयाची वही वेगळी का?

महाराष्ट्रात गावोगावची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. ती नोंदणीकृत संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि अनुदानासाठी मान्यता देण्याचे नियम १९७० चे. पुस्तकं, सभासद, सोयी यांवरून वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्यानुसार अनुदान ठरतं. तपासणीला जिल्हा ग्रंथालय कार्यालयाची माणसं येतात.

या तपासणीत सगळ्यात महत्त्वाची असते ती दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा आणि तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, बिल नंबर लिहायचा. हा झाला दाखल क्रमांक. पुस्तक वाचनालयाच्या मालकीचं आहे, याचा तो पुरावा. म्हणून ही वही बहुतेक ठिकाणी नीट ठेवलेली असते.

पण दाखल वही हिशेबासाठी असते. पुस्तक शोधायला तिचा उपयोग नाही. तिच्यात पुस्तकं आलेल्या क्रमाने असतात. पहिल्या ओळीत कादंबरी, दुसऱ्या ओळीत गाई-म्हशींचे आजार, तिसऱ्या ओळीत गीता. शेतीवरची सगळी पुस्तकं दाखवा म्हटलं तर अख्खी वही चाळावी लागते. शिवाय एका गावातला दाखल क्रमांक ५१२ आणि दुसऱ्या गावातला ५१२ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो.

वाचकासाठी असते ती तालिका. लेखकाच्या नावाने, पुस्तकाच्या नावाने आणि विषयाने शोधता येईल अशी यादी. पूर्वी ती छोट्या कार्डांवर, लाकडी खणांत असायची. आता संगणकावर असते. अनेक छोट्या वाचनालयांत मात्र तालिका असते ती ग्रंथपालाच्या डोक्यात. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते रजेवर गेले किंवा निवृत्त झाले की यादीही त्यांच्याबरोबर जाते.

एक लेखक, चार नावं

आता समजा, पाच-सहा वाचनालयांनी मनावर घेतलं आणि आपापल्या याद्या संगणकावर टाकून एकत्र केल्या. काय होईल? मावळच्याच एका लेखकाचं उदाहरण घेऊ.

गोपाळ नीलकंठ दांडेकर अनेक वर्षं तळेगाव दाभाडे इथे राहिले. 'पवनाकाठचा धोंडी' ही त्यांची कादंबरी, 'माचीवरला बुधा' ही दुसरी. मावळातल्या वाचनालयात त्यांची पुस्तकं नसतील असं सहसा होत नाही. पण त्यांची नोंद कशी असते? एका वहीत 'गो. नी. दांडेकर'. दुसरीत 'गो. नि. दांडेकर', ऱ्हस्व नि. तिसरीत 'दांडेकर गोपाळ नीलकंठ'. चौथीत लाडाने 'गोनीदा'. माणसाला कळतं की हे चारही एकच. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी हे चार वेगळे लेखक. 'दांडेकर' टाकून शोधलं तर 'गोनीदा' या नावाखालची पुस्तकं दिसणारच नाहीत. म्हणजे यादी एकत्र होऊनही पुस्तक हरवलेलंच.

टोपणनावांची गंमत तर आणखी वेगळी. 'विशाखा' हा कवितासंग्रह कुसुमाग्रजांचा आणि 'नटसम्राट' हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एकच. 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर आणि लग्नाआधीच्या बाळूताई खरे. चिं. त्र्यं. खानोलकर कविता लिहायचे ते आरती प्रभू या नावाने. संतांच्या बाबतीत 'तुकाराम', 'संत तुकाराम', 'तुकाराम महाराज', 'तुकोबा' अशी चार नावं सहज सापडतात. देहू जवळ असल्यामुळे गाथेच्या प्रती मावळात ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे हा घोळ इथे जास्तच होतो.

यावरचा नियम साधा आहे. प्रत्येक लेखकाचं एक नाव पक्कं ठरवायचं, बहुधा आडनाव आधी. बाकीच्या नावांपुढे फक्त खूण लिहायची : 'गोनीदा : दांडेकर, गोपाळ नीलकंठ पाहा.' टोपणनावाचं काय करायचं, यावर ग्रंथालयशास्त्रातही दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी खऱ्या नावाखाली सगळं आणतात. काही ठिकाणी दोन्ही नावं ठेवून एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्हीने काम भागतं. पण एका वाचनालयाने एक पद्धत धरायची आणि दुसऱ्याने दुसरी, हे चालत नाही. कुठला नियम घ्यायचा यापेक्षा सगळ्यांचा नियम एकच असणं महत्त्वाचं.

पुस्तक तेच, आवृत्ती निराळी

दुसरा गुंता आवृत्तीचा. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराईट संपतो. त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं आणि बाजारात वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती आहेत. कुठे पूर्ण पुस्तक, कुठे मुलांसाठी संक्षिप्त. या सगळ्यांची एकच नोंद केली, तर पूर्ण पुस्तक मागणाऱ्याच्या हातात संक्षिप्त येईल. प्रत्येक प्रत वेगळी नोंदवली, तर यादीत 'श्यामची आई' पंचवीस वेळा दिसेल आणि वाचक वैतागेल. म्हणून प्रकाशक आणि आवृत्ती एकच असेल तर एकच नोंद करायची आणि तिच्याखाली कुठल्या वाचनालयात किती प्रती आहेत, हे लिहायचं. प्रकाशक किंवा मजकूर वेगळा असेल तर नोंद वेगळी.

जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शके असतात, तिथेही चूक होते. शके १८७७ म्हणजे इसवी सन १९५५-५६. शकात ७८ मिळवले की सन येतो. एकाने १८७७ लिहिलं आणि दुसऱ्याने १९५५, तर पुस्तकं दोन झाली आणि पहिलं उगाचच शंभर वर्षांचं म्हातारं ठरलं.

नाव घ्यायचं तेही पुस्तकाच्या कव्हरवरून नाही, तर आतल्या शीर्षकपानावरून. कव्हर सजवताना नाव तोडलेलं किंवा बदललेलं असू शकतं. प्रकाशक, साल, आवृत्ती बहुधा शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला मिळते.

विषयाचा आकडा कुठून येतो?

बऱ्याच वाचनालयांत कादंबरीला 'का', नाटकाला 'ना', चरित्राला 'च' अशा खुणा असतात. गावापुरतं ते ठीक आहे. पण 'च' म्हणजे एका गावात चरित्र आणि दुसऱ्या गावात चित्रकला असेल तर एकत्र यादीत गोंधळ.

म्हणून आकडा वापरतात. सगळ्यात जास्त चालते ती मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली काढलेली दशांश पद्धत. सगळ्या विषयांचे दहा मोठे भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं करत खाली जायचं. या पद्धतीत ६३० म्हणजे शेती, ६३६ म्हणजे पशुपालन. मराठी साहित्य ८९१.४६. त्यापुढे १ लावला तर कविता, २ लावला तर नाटक, ३ लावला तर कादंबरी आणि कथा. म्हणजे 'पवनाकाठचा धोंडी' कुठल्याही गावात ८९१.४६३. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. तलाठी भरतीवाल्या मुलीने हा एक आकडा टाकला, की सगळ्या गावांतली त्या विषयावरची पुस्तकं समोर यावीत, असं यात अपेक्षित आहे.

आकडा किती लांब करायचा, हेही ठरवावं लागतं. मोठ्या विद्यापीठाला लांबलचक आकडे लागतात. दोन-पाच हजार पुस्तकांच्या वाचनालयाला शेतीसाठी ६३०, ६३४, ६३६ एवढं पुरतं. एकाने तीन आकडी आणि दुसऱ्याने नऊ आकडी दिला तर एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरतात.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि मराठी माणसाच्या ओळखीच्या राज्यात केलंय. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. पुढच्या काही वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालयं आणि फिरती ग्रंथालयं यांची साखळी उभी राहिली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव पाठवल्या जायच्या. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच भर प्रांत पंचायत आणि सरकार घालायचं. यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बॉर्डन यांनी १९११ मध्येच ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि वर्गीकरणाची एक पद्धत तयार केली. पेटी एका गावातून दुसऱ्या गावात जायची असेल, तर दोन्हीकडच्या माणसांना एकच पद्धत कळायला हवी, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. शंकर गणेश दाते यांनी ठिकठिकाणची ग्रंथालयं पालथी घालून छापील मराठी पुस्तकांची सूची तयार केली. 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ मधली पुस्तकं आहेत आणि तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० मधली पुस्तकं आहेत, तो १९६१ मध्ये आला. संगणक नाही, झेरॉक्स नाही, मोबाईल नाही. आजही अभ्यासक जुन्या पुस्तकासाठी आधी 'दाते सूची' बघतात. वेगवेगळ्या ठिकाणची पुस्तकं एकाच पद्धतीने नोंदवली, म्हणूनच ती सूची इतकी वर्षं कामाला येते.

बाहेरच्या जगात याला मोठं रूप आलं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून आपली छापील तालिका-कार्डं इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली. एकदा नीट केलेली नोंद हजारो ग्रंथालयांना मिळू लागली. १९७१ मध्ये ओहायो राज्यातल्या ग्रंथालयांनी संगणकावर सामाईक तालिका सुरू केली. एकाने पुस्तक नोंदवलं की दुसऱ्याने पुन्हा टाईप करायचं नाही, फक्त 'आमच्याकडेही आहे' एवढी खूण करायची. आपल्याकडे दिल्लीत १९८८ साली डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं याच विचाराने सुरू झालं.

महाबळेश्वरजवळच्या भिलार गावाचं उदाहरण तर अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये तिथे 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. सुरुवातीला सुमारे २५ ठिकाणी मिळून १५ हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली गेली. एका घरात एका प्रकारची पुस्तकं, कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. पुस्तकं वेगवेगळ्या घरांत असली तरी कुठलं पुस्तक कुठल्या घरात, हे ठरलेलं असल्यामुळे अख्खं गाव मिळून एक वाचनालय होतं.

वेळ किती वाचतो? एक साधा हिशेब

छोट्या वाचनालयांत एकसारखी पुस्तकं बरीच असतात. त्याला कारण आहे. शासनमान्य ग्रंथांच्या यादीतून खरेदी होते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून पुस्तकं येतात, तीही अनेक वाचनालयांना सारखीच. म्हणजे एकच पुस्तक एकाच महिन्यात सहा गावांत पोहोचतं आणि सहा ग्रंथपाल तीच माहिती सहा वेळा लिहीत बसतात.

समजा, सहा वाचनालयं आहेत. प्रत्येकात वर्षाला १५० नवी पुस्तकं येतात. त्यातली १०० सगळीकडे सारखी. एक पुस्तक तालिकेत नीट नोंदवायला १० मिनिटं धरू. प्रत्येकाने वेगळं काम केलं तर ९०० नोंदी, म्हणजे १५० तास. एकत्र केलं तर सारख्या १०० पुस्तकांची नोंद एकदाच आणि वेगळ्या ३०० पुस्तकांची. एकूण ४०० नोंदी, म्हणजे साधारण ६७ तास. सारख्या पुस्तकांवर प्रत्येक वाचनालयाने आपली खूण करायला एकेक मिनिट धरलं तर आणखी १० तास. सगळं मिळून ७७ तास. काम जवळपास निम्म्यावर आलं. तुटपुंज्या मानधनावर, कधी अर्धवेळ काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी हे निम्मं फार मोठं आहे. दाखल वही मात्र प्रत्येकाने आपापली ठेवायचीच. ती कायम राहते.

सुरुवात करताना काय ठरवायचं?

पाच-सात वाचनालयांच्या ग्रंथपालांनी एका दुपारी एकत्र बसून एका कागदावर नियम लिहावेत. दोन पानांपेक्षा मोठा कागद नको. त्यात एवढं तरी असावं :

१. वाचनालयाची खूण. प्रत्येकाला दोन-तीन अक्षरांची खूण द्यायची. जुना दाखल क्रमांक बदलायचा नाही, त्याच्या आधी फक्त ही खूण लावायची. मग 'उर ५१२' आणि 'तळे ५१२' यांची गल्लत होत नाही.

२. रकाने तेच आणि त्याच क्रमाने. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, आवृत्ती, पानं, विषयाचा आकडा, आयएसबीएन, कुठल्या वाचनालयात किती प्रती. एका रकान्यात एकच माहिती. 'दांडेकर, मॅजेस्टिक, १९९०' असं सगळं एकाच रकान्यात कोंबलं तर नंतर वेगळं करता करता नाकीनऊ येतात.

३. नावांची यादी. ज्या लेखकांची पुस्तकं जास्त आहेत, अशा दोनशे-तीनशे लेखकांची पक्की नावं आधीच ठरवून सगळ्यांना द्यायची. नवीन नाव आलं की त्याच यादीत भर.

४. शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं' असं छापलेलं असतं. पुस्तकाचं नाव छापलं आहे तसंच ठेवायचं आणि शेजारी शोधण्यासाठी आजच्या पद्धतीनेही लिहायचं.

५. टायपिंग युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसते किडे-मुंग्या दिसतात. मोबाईलवर आपण जे मराठी टाईप करतो ते युनिकोडच असतं. म्हणजे कॉलेजची मुलंसुद्धा हे काम करू शकतात.

६. दुरुस्तीचा अधिकार कुणाला? नोंद कुणीही करावी, पण चूक दुरुस्त करणारे एक-दोघंच असावेत. नाहीतर एकाने सुधारलेलं दुसरा पुन्हा बिघडवतो. बदलाची तारीख लिहायची.

७. सभासदांची माहिती यात नको. कुणी कुठलं पुस्तक नेलं, हे त्या त्या वाचनालयाच्या देवघेव वहीतच राहावं. सामाईक यादीत फक्त पुस्तकं.

आयएसबीएनबद्दल एक खुलासा. पुस्तकाच्या मागच्या बाजूला बारकोडशेजारी असतो तो हा क्रमांक. २००७ पासून तो १३ आकडी आहे आणि भारतातल्या पुस्तकांवर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. क्रमांक जुळला तर बहुधा पुस्तकही तेच असतं. पण जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच. त्यामुळे त्याच्यावर विसंबून चालत नाही, लेखक-नाव-प्रकाशक जुळवूनच बघावं लागतं.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी विचारला जातो. खरं तर तो शेवटी यायला हवा. नियम न ठरवता सॉफ्टवेअर घेतलं तर वहीतला गोंधळ संगणकात जातो, इतकंच.

सुरुवात एक्सेलसारख्या साध्या तक्त्यावरही होते. पुढे जायचं तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने केलेलं ई-ग्रंथालय आहे. दुसरं कोहा. त्याची गोष्ट गावाकडच्या माणसाला आवडेल अशी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या, ग्रामीण भागातल्या ग्रंथालय संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. महागडं नवं घेण्याऐवजी त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरतं करून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं आणि त्यांनी ते सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. आज जगभरची ग्रंथालयं ते वापरतात.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते चालवायला संगणक, इंटरनेट आणि शिकलेला माणूस लागतो. हा खर्च एका छोट्या वाचनालयाला झेपणार नाही. पाच-सहांनी वाटून घेतला तर झेपू शकतो. आणि रकाने सुरुवातीपासून नीट वेगळे ठेवले असतील, तर साध्या तक्त्यातली माहिती पुढे मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते.

"आमची पुस्तकं दुसरीकडे जातील" ही भीती

यादी एक करायची म्हटलं की संचालक मंडळात हा मुद्दा हमखास निघतो. भीती अगदीच खोटी नाही. पुस्तक हरवलं तर तपासणीत उत्तर त्याच वाचनालयाला द्यावं लागतं.

पण यादी एक करणं आणि पुस्तकं एकमेकांना देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या टप्प्यात फक्त यादी. पुस्तक जागचं हलत नाही. वाचकाला कळतं की ते कुठे आहे, तो तिथे जाऊन बसून वाचू शकतो किंवा तिथला सभासद होऊ शकतो. एवढ्यानेही बरंच काम होतं. पुस्तकं देण्याघेण्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात. तेव्हा पुस्तक थेट परगावच्या वाचकाला न देता त्याच्या गावच्या वाचनालयाला द्यायचं आणि परत करण्याची जबाबदारी त्या वाचनालयाची, असा लेखी ठराव करता येतो. मालकी मूळ वाचनालयाचीच राहते, कारण दाखल क्रमांक तिथलाच असतो.

यादीचा फायदा खरेदीतही होतो. शेजारच्या तीन गावांत एखादा महागडा संदर्भग्रंथ आधीच आहे असं दिसलं, तर चौथं वाचनालय तेच पैसे दुसऱ्या पुस्तकाला लावू शकतं. अनुदान मुळात थोडं. ते एकाच पुस्तकाच्या चार प्रतींवर जाण्यापेक्षा चार वेगवेगळ्या पुस्तकांवर गेलेलं केव्हाही चांगलं.

सभासदांनी काय करावं?

वाचनालय ही सभासदांची संस्था असते आणि तिची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तिथे सभासद तीन प्रश्न विचारू शकतात. आपली पुस्तकांची यादी संगणकावर आहे का? ती युनिकोडमध्ये आहे का? शेजारच्या वाचनालयांशी ती जोडायचा विचार आहे का? या तिन्हीला पैसे लागत नाहीत.

ज्या वाचनालयात यादीच नाही, तिथे गावातल्या मुलांनी सुट्टीत हात लावला तरी काम पुढे सरकतं. शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, असे प्रत्येक पुस्तकाचे दोन फोटो आणि दाखल क्रमांक. एवढं हाताशी असलं की ग्रंथपालांना कपाटासमोर उभं राहून लिहावं लागत नाही, नोंद टेबलावर बसून करता येते. सुरुवात सगळ्या पुस्तकांपासून करायचीही गरज नाही. स्पर्धा परीक्षा, शेती आणि मावळचा इतिहास, एवढे तीन विषय आधी घेतले तरी ज्यांना तातडीची गरज आहे त्यांचं काम होईल.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यातलाच एक. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट हा देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे होतातच. त्याच दिवशी आसपासच्या चार-पाच गावांच्या ग्रंथपालांना एकत्र बसवून नियमांचा तो दोन पानी कागद तयार करायला काही हरकत नाही.